बाहेरचं कारण शोधणारे सर

आमचे सर दुकानात उलट्या वाटेनं चालायचे. गिऱ्हाईक दारातून आत येतं, किराणा, भांडी, कपडे असं फिरत फिरत बिलाच्या काउंटरला पोचतं. सर रोज सकाळी काउंटरपासून निघून दाराकडं यायचे. का, तर म्हणे काही न घेता परत जाणारा माणूस याच वाटेनं जातो, त्याला जाताना काय दिसतं ते बघायला हवं. आता काय दिसणार, कपाळ! तेच साबण आणि त्याच बादल्या. पण सर प्रत्येक रॅकपुढं उभे राहून मान तिरकी करून बघत बसायचे. मी किराणा विभागाची प्रमुख, मला सकाळी श्वास घ्यायला फुरसत नसे, आणि हे येऊन म्हणायचे, "ताई, तुमची तूरडाळ जाणाऱ्याकडं पाठ करून बसलीय." तूरडाळीला पाठ असते हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

दुकान म्हणजे मोठ्या कंपनीचं. देशभर पसरलेली कंपनी, हेड ऑफिस मुंबईला, आणि आम्ही इथं शहाद्यात. आत गारेगार, जमिनीत तोंड दिसेल अशा फरश्या. पहिल्या आठवड्यात खेड्यांवरची माणसं दाराशी चपला काढून आत येत होती, त्यांना "राहू द्या, राहू द्या" म्हणून आमचा घसा बसला. सर तिथले मॅनेजर. मूळचे धानोऱ्याचे, पण सगळी नोकरी नाशकात काढलेली, वय पन्नाशीच्या पुढं. आमच्याशी शाळेतल्या पुस्तकासारखं मराठी बोलायचे आणि गिऱ्हाईकाशी अहिराणी. एसीच्या केबिनमध्ये त्यांना थंडी वाजायची, म्हणून भर मे महिन्यात अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. बाहेर बेचाळीस डिग्री, आणि हा माणूस स्वेटर घालून पार्किंगमध्ये उभा राहून कोणती मोटारसायकल कोणत्या गावाची ते विचारतोय. लोक म्हणायचे, याले काही व्हयेल शे का?

दर सोमवारी हेड ऑफिसला एक फॉर्म कॉम्प्युटरवर भरून पाठवावा लागे. त्यात एक रकाना होता, "विक्रीवर परिणाम करणारे बाह्य घटक". खाली पाच पर्याय: हवामान, स्पर्धा, सण, सरकारी धोरण, इतर. बाकीच्या दुकानांचे मॅनेजर हवामानावर टिचकी मारून चहाला जात असतील. आमचे सर प्रत्येक वेळी "इतर" निवडायचे आणि लिहायला बसायचे. लिहिता लिहिता जागा संपायची, मग फोन लावायचे. हेड ऑफिसमधली ती बिचारी मुलगी नुसती "येस सर, येस सर" करायची.

एकदा गाद्यांची मोठी ऑफर होती आणि एक गादी खपेना. सरांनी लिहिलं, "कापूस घरात आहे." मला वाटलं, गेलं डोकं यांचं. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, यंदा भाव वाढेल म्हणून शेतकऱ्यानं कापूस विकलाच नाही. कुठं ठेवलाय? झोपायच्या खोलीत, पत्र्याला लागेपर्यंत. घरची माणसं ओट्यावर झोपतात. नवी गादी टाकणार कुठं?" आता आमच्याही घरी ब्राह्मणपुरीला तेच चाललेलं. मी स्वतः महिनाभर कापसाच्या खाजेनं हैराण होते, अंगावर पुरळ उठलेलं. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला जरा रागच आला, कशाचा ते मात्र कळलं नाही.

दुसऱ्या वेळी मिक्सर खपेनात. सरांनी कारण काढलं, दूर कुठल्या तरी बंदरात जहाजं अडली. जहाजं अडली म्हणून केळी बाहेर जाईना, केळी जाईना म्हणून घड झाडावरच पिकले, म्हणून आमच्या गल्लीतल्या सुनेला मिक्सर नाही! लग्नाच्या कपड्यांचं विचाराल तर सरांचं एकच उत्तर, "सुरत." आमच्याकडं लग्नाचा बस्ता फाडायला लोक जीपा भरून सुरतेला जातात, हे जगाला माहीत आहे. पण हेड ऑफिसनं कळवलं, सुरत तुमच्या दुकानाच्या क्षेत्रात येत नाही, तेव्हा हे कारण धरता येणार नाही. सर दिवसभर तो निरोप पुन्हा पुन्हा वाचत होते. "ताई, सुरत येत नाही म्हणतात. येत कशी नाही?" मी म्हटलं, "सर, सोडा ना." ते सोडायचे नाहीत.

आम्हालाही सोडायचे नाहीत. कुणी उशिरा आलं की रागावणं वगैरे नाही, फक्त "घटक सांगा." एसटी चुकली म्हटलं तर चालायचं नाही, एसटी का चुकली, ते सांगायचं. पोरीसुद्धा पक्क्या तयार झाल्या. एकीनं सांगितलं, "सर, शेजारच्यांची म्हैस व्याली, खरवस घेऊन त्यांची सून आली, सासूबाईंनी तिला बसवून घेतलं, आणि माझा डबा राहिला." सर इतके खूश झाले की तिला त्या दिवशी लवकर सोडलं. "आतलं काही नसतं ताई," असं ते नेहमी म्हणायचे, "माणूस जे करतो ना, ते बाहेरून आलेलं असतं."

खरं सांगू का, मला हा माणूस कधी कळलाच नाही. एका लग्नसराईत विक्री घटली, तर कारण "लग्नं फार आहेत, लोक दुकानाऐवजी मांडवात आहेत." पुढच्या लग्नसराईत विक्री वाढली, तर कारण "लग्नं फार आहेत." मी म्हटलं, सर, दोन्हीपैकी एक तर खोटं असेल ना? म्हणाले, "दोन्ही खरी." ऑनलाइन मागवलेल्या वस्तू गावोगाव पोचवणारा एक माणूस होता, आमचा शत्रूच म्हणा. त्याला सर दुकानाच्या पायरीवर बसवून चहा पाजायचे आणि कोणत्या गावाला काय गेलं ते विचारायचे. तो सगळं सांगायचा आणि वर आमच्याच वडापावच्या काउंटरवरून फुकट वडापाव खाऊन जायचा. यात दुकानाचं भलं होत होतं की वाटोळं, देव जाणे.

आता माझ्या मूर्खपणाकडं येते. टाळून चालायचं नाही.

त्या वर्षी आमचं दुकान कंपनीच्या एका यादीत आलं. यादी बंद करायच्या दुकानांची. एरिया मॅनेजर सांगून गेले, पुढचे तीन महिने बघू, सुधारलं तर ठीक, नाहीतर कुलूप. तेवीस माणसं कामाला होती. बाकीच्यांचं त्यांना ठाऊक, माझं सांगते. मला ही नोकरी भांडून मिळाली होती. "आमच्या घरच्या बाया बिलं फाडत नाहीत," असं सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि नवरा मधल्या मध्ये पंख्याकडं बघत बसला होता. नोकरी गेली असती तर मी पुन्हा ब्राह्मणपुरीच्या त्या ओट्यावर, सासूबाईंच्या डोळ्यांसमोर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

श्रावण तोंडावर होता. आमच्या भागात श्रावणात कानबाई देवी बसते. सगळ्यांकडं नाही, ज्यांच्या भाऊबंदकीत आहे त्यांच्याकडं. आमच्याकडं नाही, पण शेजारच्या काकूंकडं मोठी बसते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, बरोबर हरभऱ्याची डाळ, त्याचं दळण करायचं आणि त्याचे रोट, म्हणजे जाडजूड पोळ्या. मग पुनवेच्या आत ते रोट संपेपर्यंत घरात दुसरं पीठ चालत नाही. आणि रोट भाऊबंदकीबाहेर कुणाला द्यायचा नाही. बारा वर्षं आमचा शेजार, पण एक घास माझ्या वाट्याला आला नाही. बघितलं मात्र सगळं, समोरच्या ओट्यावरून.

आणि बघितलं म्हणून मला वाटलं, कळलं!

मी सरांपुढं कल्पना मांडली. निवडलेले, स्वच्छ गहू आणि डाळ, मापात भरलेली पाकिटं. पाच पुरुषांचं कुटुंब, सहा पुरुषांचं, सात, नऊ, अकरा. वर ठळक आकडा. बायकांना दिवसभर गहू निवडत बसायला नको, मुठी मोजायला नको. सर बराच वेळ पाकिटाचा नमुना हातात धरून बसले. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं बसते कानबाई?"

"नाही, पण शेजारी बसते."

"मग शेजारी विचारलं का?"

"त्यात काय विचारायचं सर? बारा वर्षं बघतेय."

सरांनी नमुना पुन्हा उलटसुलट करून बघितला आणि सही केली. त्यांच्या धानोऱ्याला, त्यांच्याच घराण्यात कानबाई बसते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळलं तेव्हापासून माझं डोकं भणभणतंय. माहीत असताना हा माणूस गप्प का बसला?

पाकिटं आली, दारातच रचली. मी स्वतः काकूंना बोलावून आणलं, म्हटलं, "काकू, या तर खरं, तुमचं काम किती सोपं केलंय बघा." त्या आल्या. लुगड्याचा पदर सावरत पाकिटांपुढं उभ्या राहिल्या. एका हातात सहाचं घेतलं, एका हातात सातचं. एकदा हे बघितलं, एकदा ते. मी हसत हसत म्हटलं, "तुमचं सहाचं ना काकू?"

माझी जीभ झडायला हवी होती. त्यांचा धाकटा मुलगा तीन वर्षांपूर्वी वारला. मी स्वतः भेटायला गेले होते, त्यांच्या गळ्यात पडून रडले होते. आणि हे सगळं माहीत असून मी हिशेब केला, सात वजा एक.

काकू तिथंच फरशीवर बसल्या. भरल्या दुकानात, दोन्ही पाकिटं मांडीवर घेऊन. रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "मूठ मन्ही शे ना, बाय? मी कितल्या भरस, कोन मोजस?"

तेव्हा मला उमगलं. गेली तीन वर्षं ही बाई मुलाच्या नावाचीही मूठ घेत होती. गुपचूप. घरात कुणाला पत्ता नाही, मुठी कोण मोजणार? त्याचाही रोट होत होता. आणि मी सहा की सात असं तिला चव्हाट्यावर विचारलं. माय वं, मला त्या क्षणी धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

सर कुठून तरी आले आणि काकूंच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसले. मला वाटलं, आता घटक विचारणार. पण त्यांनी काहीच विचारलं नाही. दोघं नुसते बसून राहिले. लोक ट्रॉल्या वळवून बाजूनं जात होते. मग सरांनी दोन्ही पाकिटं हळूच काढून घेतली, काकूंना उठवलं आणि रिक्षापर्यंत पोचवून आले.

पुढचं काय सांगायचं. कुणीतरी त्या पाकिटांचा फोटो काढला आणि तो मोबाइलवर गावोगाव फिरला. खाली लिहिलेलं, "मार्टवाला देवीना रोट विकी ऱ्हायनात, घरना मानसं मोजी ऱ्हायनात." कानबाई गेली, राखी गेली, पुनव गेली, दुकानात चिटपाखरू नाही. पाकिटं आम्ही दुसऱ्याच दिवशी उचलली होती, पण लोकांच्या मनातून कुठं उचलणार? कापड घेणाऱ्या बाया रस्त्याच्या पलीकडून जायच्या. ज्या तीन महिन्यांवर सगळं होतं, त्यांतला महिना असा पाण्यात गेला.

एरिया मॅनेजर आले. तिशीचा मुलगा, वागायला चांगला, पण बोलायला सरळ. केबिनमध्ये सर, तो आणि कोपऱ्यात मी. तो म्हणाला, "सर, तुमचे बाह्य घटक आम्ही तीन वर्षं वाचतोय. पण आता नीट ऐका. या वेळी कारण बाहेरचं लिहिलंत, म्हणजे लोकांच्या श्रद्धा, या भागाची पद्धत वगैरे, तर वरचे म्हणतील हा भाग आपल्याला झेपणारा नाही. दुकान बंद. कारण आतलं असेल, कुणाची चूक असेल, तर तो माणूस जाईल आणि दुकान चालेल. काय लिहायचं ते तुम्ही ठरवा."

कारण कोण, ते त्या खोलीत मला ठाऊक होतं, सरांना ठाऊक होतं. मी तोंड उघडायला हवं होतं. "माझी कल्पना होती," एवढे तीन शब्द. मला सासूबाईंचा ओटा दिसला. मी हाताची घडी घालून जमिनीकडं बघत राहिले. आज लिहितानाही माझी मलाच लाज वाटते.

सरांनी कॉम्प्युटर ओढला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो रकाना एका ओळीत भरला. "बाह्य घटक नाही. निर्णय माझा होता, चूक माझी आहे." भरला आणि पाठवून दिला. मग एरिया मॅनेजरला विचारलं, "चहा घेणार?"

त्या आठवड्यातच ते गेले. निरोप समारंभ करू म्हटलं तर नको म्हणाले. स्वेटर खुर्चीवरच राहिला, तो मी नंतर पार्सलनं पाठवला. दुकान वाचलं. नवे मॅनेजर आले, ते हवामानावर टिचकी मारतात. माझी नोकरी शाबूत, पगारही वाढला. आणि मला झोप लागेना. या माणसानं माझा गुन्हा अंगावर घेतला, का घेतला? मी त्यांची कोण? मोठेपणा केला म्हणावं, तर तसे ते मोठेपणा करणाऱ्यातले नव्हते. आणि सगळं जग बाहेरून चालतं म्हणणारा माणूस शेवटी "चूक माझी" म्हणतो, म्हणजे तीन वर्षं जे बोलला ते खोटं होतं की हे खोटं?

यंदा संक्रांत झाल्यावर एका रविवारी मी नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि धानोऱ्याला गेले. नवरा म्हणाला, तू जा आत, मी पारावर बसतो. घर लगेच सापडलं. एका ओळीत पाच दारं, चार दारांपुढं माणसं, पोरं, जनावरं, आणि शेवटच्या दारापुढं सर एकटे खुर्ची टाकून बसलेले. बाकीच्या चार दारांतून कुणी त्यांच्याकडं बघत नव्हतं.

त्यांच्या बाईंनी चहा ठेवला. मी आल्या आल्या बोलून टाकलं, कारण थांबले असते तर जमलं नसतं. "सर, चूक माझी होती. तुम्ही नाव घेतलं नाही. मी तिथं उभी राहून गप्प बसले. मला एकदा तोंडावर बोला, शिव्या द्या, पण बोला."

ते माझ्याकडं गोंधळून बघत राहिले. "तुमची कशी चूक ताई?"

"पाकिटं माझीच ना सर? तुमच्या घराण्यात कानबाई बसते. तुम्हाला माहीत होतं असं चालत नाही. मग मला थांबवलं का नाहीत? सही का केलीत?"

आतून त्यांच्या बाई बोलल्या, आणि त्या काही माझ्याशी शाळेचं मराठी बोलल्या नाहीत. "सासूबाई गयी तैन्हा हे नाशिकले व्हतात. दुकानमा दिवाळीना सेल चालू व्हता. दुसरा दिन पोचनात. भाऊस्नी अग्नी दी टाका व्हता. तैपासून भाऊ यास्ना नावनी मूठ टाकतस नही. चार भाऊस्नी कानबाई, चार भाऊस्ना रोट."

मी सरांकडं बघितलं. ते शेजारच्या चार दारांकडं बघत होते.

"किती वर्षं झाली?" मी विचारलं.

"अकरा." मग म्हणाले, "ताई, मी तुम्हाला वाचवायला काही लिहिलं नाही. खरं तेच लिहिलं. चालत नाही हे मला माहीत होतं. पण तुम्ही नमुना हातात दिलात, त्याच्यावर पाच लिहिलेलं होतं. मला वाटलं, असं पाकीट निघालं तर कुणाला विचारावं लागणार नाही." बोलता बोलता त्यांची भाषा बदलली, "पयलं पाकीट मीच लिन्हं, बहीन. काउंटर उघडाना आधी. पाच पुरुषस्नं. आम्ही पाच भाऊ."

मी मूर्खासारखं विचारलं, "मग केले रोट?"

"करात ना. हिनी करात. पाची जनस्ना नावना." सरांनी कपातला चहा बशीत ओतला, पण प्याले नाहीत. "आते करेल रोट टाकता येत नही. पुनीना आत सराले पाहिजेत. बाहेरनाले देता येत नही. आन् भाऊ तं येतस नही. मंग काय करतू? पाची भाऊस्ना रोट मी एकलाच खादात."

बाई आतून म्हणाल्या, "पुनी व्हस तोपर्यंत दुसरं काहीच पोटमा गयं नही यास्ना."